मिहानचा विमानतळ आणि न्यायालये

गेल्या काही वर्षांत ‘केंद्रीय यंत्रणा विरुद्ध न्यायालय’ अशा मथळ्याच्या बातम्या वारंवार वाचावयास मिळतात. कधी त्या दिल्लीच्या असतात, कधी अमेरिकेच्या. अशा बातम्यांतील कायद्याची भाषा सामान्य वाचकाला दुर्बोध वाटते आणि तो पान उलटतो. म्हणून आम्ही या लेखासाठी आपल्याच राज्यातील एक प्रकरण निवडले आहे. नागपूरच्या विमानतळाचे खासगीकरण, त्यासाठी निघालेली निविदा, ती रद्द करण्याचा निर्णय आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झालेला वाद, असे हे प्रकरण आहे. त्यात राज्य सरकार आहे, केंद्र सरकार आहे, केंद्राचे एक वैधानिक प्राधिकरण आहे, खासगी कंपनी आहे आणि सर्वांत शेवटी, कोणत्याही याचिकेत नाव नसलेला प्रवासी व शेतकरी आहे. हे एक प्रकरण नीट समजले, तर तशा पुष्कळ बातम्या उलगडतात.

मिहान म्हणजे काय?

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत, सोनेगावच्या विमानतळाला लागून चार हजार हेक्टरहून अधिक क्षेत्रावर जो प्रकल्प उभा राहिला त्याला ‘मिहान’ म्हणतात. बहुविध वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय मालवाहू केंद्र व विमानतळ, या अर्थाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे आहेत. आज हे नाव इतके रुळले आहे की ते एखाद्या गावाचे नाव वाटावे. विशेष आर्थिक क्षेत्र, माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या, विमानांच्या दुरुस्तीचा कारखाना, विमानांचे सुटे भाग बनविणारे उद्योग, हे सारे येथे आले. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेले अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालयही मिहानमध्येच आहे. विदर्भातील अनेक कुटुंबांना मिहान माहीत आहे ते या रुग्णालयामुळे; विमानाशी त्यांचा फारसा संबंध येत नाही.

नागपूर हे देशाच्या मध्यावर, म्हणून येथे विमाने एकत्र यावीत, ही कल्पना मात्र मिहानपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला उतरत, आपापल्या टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत फिरत. सोनेगावच्या धावपट्टीवर थंडीवाऱ्यात थैल्या उचलणाऱ्या त्या टपाल कर्मचाऱ्यांनी मिहानची कल्पना अर्धशतक आधीच राबवून दाखविली होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

प्रकल्प राबविण्यासाठी राज्य शासनाने २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली. २००५ मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले.

विमानतळ कोणाचा?

येथून वादाचे मूळ सुरू होते, म्हणून थोडे थांबून पाहू.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत. संघसूचीतील २९ व्या नोंदीत हवाई मार्ग, विमाने, विमानतळांची तरतूद व त्यांचे नियमन हे विषय केंद्राकडे दिले आहेत. जमीन हा विषय राज्यसूचीत आहे. भूसंपादन समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांकडेही आहे. विमान आकाशात उडते तोवर ते केंद्राचे. पण त्याला उतरण्यासाठी जी जमीन लागते ती राज्याच्या महसूल खात्याच्या दप्तरातून येते. त्यामुळे देशातील कोणताही नवा विमानतळ केंद्र आणि राज्य यांच्या सहकार्याशिवाय उभा राहू शकत नाही, आणि सहकार्य बिनसले की कोणाचा शब्द अखेरचा, हा प्रश्न उभा राहतो.

नागपुरात यावर संयुक्त कंपनीचा मार्ग काढण्यात आला. ‘मिहान इंडिया लिमिटेड’ या कंपनीत महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचा वाटा ५१ टक्के आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा ४९ टक्के ठेवण्यात आला. ऑगस्ट २००९ मध्ये विमानतळाचा कारभार या कंपनीकडे आला. भारतीय विमानतळ प्राधिकरण हे संसदेने १९९४ साली केलेल्या कायद्याने निर्माण झालेले केंद्राचे प्राधिकरण आहे. १ एप्रिल १९९५ पासून ते कार्यरत आहे. नागपुरात ते एकाच वेळी दोन भूमिकांत होते. एकीकडे कंपनीचे भागीदार, म्हणजे नफ्यातोट्याचे वाटेकरी. दुसरीकडे हवाई वाहतुकीचे नियंत्रण करणारी केंद्रीय यंत्रणा. या दुहेरी भूमिकेची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

निविदेची हकिकत

विमानतळाचा विस्तार, नवी इमारत, नवी धावपट्टी यांसाठी मोठे भांडवल हवे होते. ते खासगी भागीदाराने आणावे, विमानतळ तीस वर्षे चालवावा आणि उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा मिहान इंडियाला द्यावा, अशी योजना आखण्यात आली. प्रक्रिया २०१६ मध्ये सुरू झाली. आधी पात्र कंपन्यांची छाननी झाली आणि २०१८ मध्ये आर्थिक बोली उघडण्यात आल्या. जो सर्वाधिक हिस्सा देऊ करील त्याची बोली सरस, हा निकष होता.

जीएमआर एअरपोर्ट्स या कंपनीची बोली सर्वांत वरची निघाली. एकूण उत्पन्नाच्या ५.७६ टक्के हिस्सा तिने देऊ केला होता. म्हणजे विमानतळाने शंभर रुपये कमावले, तर पावणेसहा रुपये मिहान इंडियाला, म्हणजे पर्यायाने राज्याला व केंद्राच्या प्राधिकरणाला. हा आकडा सरकारी बाजूला अपुरा वाटला. कंपनीशी वाटाघाटी झाल्या आणि तिने हिस्सा वाढवून १४.४९ टक्के केला. शंभराला साडेचौदा रुपये. पहिल्या बोलीच्या अडीच पट. बोली उघडल्यानंतर दर एवढा वाढतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पहिली बोली फार कमी होती, असे त्यातून कोणी म्हणेल. वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आपले काम चोख केले, असेही कोणी म्हणेल. आमच्या मते दोन्ही खरे असू शकते.

७ मार्च २०१९ रोजी मिहान इंडियाने जीएमआरला पत्र पाठविले. बोली स्वीकारली असल्याचे त्यात कळविले होते. त्यानंतर कंपनीने या कामासाठी ‘जीएमआर नागपूर इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड’ ही स्वतंत्र कंपनी नोंदविली. करारावर सह्या होण्याची वाट पाहणे सुरू झाले. महिन्यांमागून महिने गेले. आणि मार्च २०२० मध्ये, करोनाची टाळेबंदी जाहीर होण्याच्या अगदी तोंडावर, राज्य शासनाच्या निर्णयानुसार मिहान इंडियाने संपूर्ण निविदा प्रक्रियाच रद्द केल्याचे कळविले.

मधल्या काळात देशातील वातावरण बदलले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने अहमदाबाद, जयपूर, लखनौ, मंगळुरू, तिरुवनंतपुरम व गुवाहाटी या सहा विमानतळांसाठीच्या बोली उघडल्या, त्या उत्पन्नाच्या हिश्श्यावर नव्हे तर दर प्रवाशामागे किती रुपये देणार या हिशेबावर. सहाही विमानतळ एकाच उद्योगसमूहाकडे, अदानी समूहाकडे गेले. दोन पद्धतींत फरक असा की हिश्श्याच्या पद्धतीत विमानतळाचे दुकानभाडे, वाहनतळ, जाहिराती या साऱ्यांच्या उत्पन्नात सरकारचा वाटा राहतो. प्रवाशामागे ठरावीक रकमेत सरकारचे उत्पन्न प्रवासीसंख्येवर अवलंबून राहते आणि हिशेब तपासणे सोपे जाते. कोणती पद्धत चांगली, हा धोरणाचा प्रश्न आहे. एका पद्धतीने निविदा काढून, बोली स्वीकारून, नंतर ती सोडून देता येते काय, हा कायद्याचा.

नागपूर खंडपीठाचा निकाल

जीएमआरने संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. प्रकरण नागपूर खंडपीठापुढे आले. न्या. सुनील शुक्रे आणि न्या. अनिल किलोर यांनी सुनावणी करून १८ ऑगस्ट २०२१ रोजी निकाल दिला.

सरकारी बाजूचे म्हणणे थोडक्यात असे होते. ७ मार्चचे पत्र सशर्त होते; अंतिम मान्यता मिळावयाची होती; करारावर सही झालेली नसल्याने करार अस्तित्वातच आला नव्हता; देऊ केलेला हिस्सा विमानतळाच्या हिताच्या दृष्टीने पुरेसा नव्हता; आणि कोणत्याही टप्प्यावर प्रक्रिया रद्द करण्याचा हक्क निविदेच्या अटींतच राखून ठेवला होता. वरवर पाहता यांतील प्रत्येक मुद्दा वजनदार आहे. सार्वजनिक पैशाचे विश्वस्त असलेल्या सरकारने महाग वा स्वस्त सौदा डोळे मिटून करावा, असे कोणीही म्हणणार नाही.

कंपनीचे उत्तर होते की सर्वाधिक बोली आमची. तुम्ही मागितले म्हणून हिस्सा वाढविला. तुम्ही लेखी स्वीकार केला. त्या स्वीकारावर विसंबून आम्ही नवी कंपनी काढली. आणि वर्षभराने आम्हाला म्हणणे मांडण्याची संधीही न देता तुम्ही सारे रद्द केले.

खंडपीठाने पत्रव्यवहार, बैठकांची इतिवृत्ते आणि निविदेच्या अटी एकत्र वाचल्या. त्या साऱ्यांतून त्यांना दिसले की मिहान इंडियाने बोली खरोखरच स्वीकारली होती आणि त्यानंतरचे रद्द करणे मनमानी व अन्याय्य होते. रद्द करण्याचे पत्र न्यायालयाने रद्दबातल ठरविले आणि करार करण्याच्या दिशेने पुढील पावले टाकण्याचा आदेश दिला. रद्द करण्याचा हक्क राखून ठेवणे वेगळे आणि तो हक्क हवा तसा वापरणे वेगळे, हा या निकालाचा गाभा आहे. खासगी माणूस आपले घर विकताना शेवटच्या क्षणी नाही म्हणू शकतो आणि कारण सांगण्यास बांधील नसतो. सरकारला ती मुभा नाही. अनुच्छेद १४ मधील समानतेचे तत्त्व त्याला प्रत्येक पावलावर बांधून ठेवते.

जुना दाखला सांताक्रूझचा

हे तत्त्व भारतीय कायद्यात रुजले तेही एका विमानतळाच्या निविदेतून, आणि तेही आपल्याच राज्यात. १९७७ च्या जानेवारीत तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने मुंबईच्या विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे चालविण्यासाठी निविदा मागविल्या. अट अशी की निविदा भरणारा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत दुसऱ्या श्रेणीचा हॉटेलचालक असावा. दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे देऊ करणाऱ्याला काम मिळाले. पण तो या अटीत बसत नव्हता. त्याला उपाहारगृहे चालविण्याचा अनुभव होता, मात्र दुसऱ्या श्रेणीचे हॉटेल त्याच्याकडे नव्हते.

प्रकरण रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७९ साली न्या. भगवती यांनी लिहिलेल्या निकालात दोन गोष्टी ठरल्या. पहिली ही की संसदेच्या कायद्याने निर्माण झालेले असे प्राधिकरण हे अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’च आहे, वेगळी पाटी लावली म्हणून ते मूलभूत हक्कांच्या बंधनातून सुटत नाही. दुसरी ही की स्वतः जाहीर केलेले निकष यंत्रणेने स्वतः मोडता कामा नये. गंमत अशी की याचिकाकर्त्याला प्रत्यक्षात काहीच मिळाले नाही. त्याने न्यायालयात येण्यास उशीर केला होता, तोवर यशस्वी बोलीदाराने पैसे खर्चून काम सुरू केले होते, आणि याचिकाकर्त्याचा स्वतःचा हेतूही न्यायालयाला निखळ वाटला नाही. तो हरला, पण त्याच्या नावाने ठरलेले तत्त्व गेली चार दशके देशभरातील न्यायालयांत उद्धृत होत आले आहे. चहा-नाश्त्याच्या दुकानापासून सुरू झालेला धागा नागपूरच्या प्रकरणापर्यंत येऊन पोहोचतो.

मात्र न्यायालयाच्या अधिकारालाही मर्यादा आहे, आणि ती १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात सांगितली गेली. न्यायालय निविदेच्या निर्णयावर अपील ऐकत नाही. निर्णय ज्या रीतीने घेतला गेला ती रीत कायदेशीर, तर्कसंगत व निःपक्षपाती होती काय, एवढेच ते पाहते. म्हणून नागपूरच्या निकालाचा अर्थ ‘१४.४९ टक्के हा उत्तम सौदा आहे’ असा कोणी काढू नये. त्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिलेले नाही आणि देणे त्याचे कामही नव्हते. सौदा चांगला की वाईट, हे पुढील तीस वर्षांचे हिशेब सांगतील.

दिल्लीतील तीन फेऱ्या

उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिले झाली. न्या. विनीत सरन आणि न्या. जे. के. माहेश्वरी यांनी ९ मे २०२२ रोजी ती फेटाळली व खंडपीठाचा निकाल कायम केला. दुसऱ्याच दिवशी न्या. सरन निवृत्त झाले. ही झाली पहिली फेरी.

दुसरी फेरी पुनर्विलोकन याचिकेची. अनुच्छेद १३७ खाली सर्वोच्च न्यायालय आपल्याच निकालाचा फेरविचार करू शकते. अशी याचिका बहुधा न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलांच्या युक्तिवादाविना, कागदपत्रांवरून निकाली निघते. तीही येथे फेटाळली गेली.

तिसरी फेरी क्युरेटिव्ह याचिकेची, म्हणजे दोषनिवारणासाठी केलेल्या अखेरच्या विनंतीची. संविधानात या याचिकेचा शब्दही नाही. २००२ साली रूपा अशोक हुर्रा खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती निर्माण केली. अखेरचे न्यायालयही माणसांचेच असते. त्याच्या हातून घोर अन्याय झाला, एखाद्याला न ऐकताच निकाल लागला किंवा न्यायाधीशाच्या पक्षपाताची शंका घेण्यास जागा राहिली, तर एक दार उघडे असावे, हा त्यामागचा विचार. पण दार अरुंद ठेवले आहे. ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते. याचिका आधी न्यायालयाच्या तीन ज्येष्ठतम न्यायमूर्तींकडे आणि मूळ निकाल देणाऱ्यांपैकी जे उपलब्ध असतील त्यांच्याकडे जाते.

नागपूर प्रकरणात ही याचिका केंद्र सरकारने आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने केली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजीव खन्ना, न्या. भूषण गवई आणि न्या. माहेश्वरी यांचे पीठ बसले. पहिले तिघे ज्येष्ठतेने, चौथे मूळ निकालाच्या पीठातील म्हणून. न्या. गवई हे अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वकिली केलेले. पुढे २०२५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले.

आता त्या दुहेरी भूमिकेकडे परत येऊ. केंद्राची मुख्य चिंता कंपनीला काम मिळण्याची राहिली नव्हती. सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी क्युरेटिव्ह याचिकेच्या कडक कसोटीत हे प्रकरण बसत नसल्याचे आपले मत न्यायालयापुढे प्रांजळपणे ठेवले. केंद्राला खुपत होता तो आधीच्या निकालातील एक शेरा. या वादात केंद्र सरकार व प्राधिकरण हे आवश्यक पक्षकार नाहीत, अशा अर्थाचे ते वाक्य होते. हवाई वाहतूक हा संघसूचीतील विषय. प्राधिकरण हे नियंत्रण करणारी यंत्रणा. मग उद्या कोणत्याही विमानतळाच्या वादात केंद्राला बाहेर ठेवण्यासाठी हे वाक्य दाखविले जाईल, ही भीती होती. २७ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्या शेऱ्याबाबत खुलासा करून याचिका निकाली काढल्या. कंपनीच्या बाजूने लागलेला निकाल जागचा हलला नाही.

आम्हाला या तिसऱ्या फेरीत एक गोष्ट लक्षणीय वाटते. सरकारचा एक ज्येष्ठ विधी अधिकारी न्यायालयात उभा राहून ‘आमची याचिका कसोटीला उतरत नाही’ असे म्हणतो, हे रोज घडत नाही. सरकारी वकील हा आधी न्यायालयाचा अधिकारी आणि मग पक्षकाराचा प्रतिनिधी असतो, असे पुस्तकात वाचतो. ते येथे पाहावयास मिळाले. ही सचोटी दोन वर्षे आधी दाखविता आली असती काय, असा प्रश्न मात्र मनात येतो. तोवर विमानतळाचे काम थांबलेले होते.

क्युरेटिव्ह याचिका यशस्वी होतच नाही, असे नाही. त्याच वर्षी १० एप्रिल रोजी दिल्ली मेट्रोच्या बाजूने अशी याचिका मंजूर झाली. विमानतळाकडे जाणाऱ्या मेट्रो मार्गाच्या वादात खासगी कंपनीला मिळालेला, व्याजासह सुमारे आठ हजार कोटींच्या घरात गेलेला लवादाचा निवाडा न्यायालयाने त्यात रद्दबातल ठरविला आणि स्वतःचा आधीचा निकाल चुकल्याचे मान्य केले. उलट, भोपाळ वायुपीडितांसाठी ७,८४४ कोटी रुपयांची वाढीव भरपाई मागणारी केंद्राची क्युरेटिव्ह याचिका १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फेटाळली. दोन दशके उलटल्यावर, कायद्याचा पाया न दाखविता झालेला समझोता उकलता येत नाही, हे त्यामागचे कारण. भोपाळच्या आजारी माणसांच्या दृष्टीने हे उत्तर फार कोरडे होते, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

सागरापलीकडे

यंत्रणा आणि न्यायालय यांच्यातील रेषा कोठे आखावी, हा वाद जगभर चालू आहे. अमेरिकेत १९८४ पासून अशी रीत होती की एखाद्या कायद्याचा अर्थ संदिग्ध असेल आणि संघीय यंत्रणेने त्याचा वाजवी अर्थ लावला असेल, तर न्यायालयाने तो मान्य करावा. चाळीस वर्षांनी, २८ जून २०२४ रोजी, तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही रीत मोडीत काढली. खटला आमच्या वसई-अर्नाळ्याच्या मच्छीमार वाचकांना जवळचा वाटेल असा होता. अटलांटिक महासागरात हेरिंग मासळी पकडणाऱ्या बोटींवर सरकारी निरीक्षक बसवायचा आणि त्याचा पगार बोटमालकाने द्यायचा, असा नियम संघीय मत्स्यव्यवसाय यंत्रणेने केला होता. मूळ कायद्यात पगाराविषयी स्पष्ट शब्द नव्हता. कायद्याचा अर्थ लावणे हे न्यायाधीशाचे काम आहे, यंत्रणेचे नव्हे, असे बहुमताने ठरले. त्या निर्णयाने नियम करणाऱ्या तज्ज्ञांचे हात बांधले गेले, अशी टीकाही झाली.

आपल्याकडे उलट उदाहरणही आहे, न्यायालयाच्या आदेशाने यंत्रणा जन्माला येण्याचे. पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक अशा डहाणू तालुक्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर केंद्राने एक प्राधिकरण नेमले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. त्यांनीही आयुष्याची अनेक वर्षे नागपुरात वकिली केली होती. त्यांच्या काळात १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

जमीन दिलेली गावे

८ ऑक्टोबर २०२४ रोजी मिहान इंडिया आणि जीएमआरची नागपूर कंपनी यांच्यात करारावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ७,००० कोटी रुपयांच्या विस्तार प्रकल्पाची पायाभरणी दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. स्वीकारपत्रापासून करारापर्यंत पाच वर्षे सात महिने गेले होते.

या साऱ्या कागदपत्रांत ज्यांचे नाव क्वचितच येते ती शिवणगाव, चिंचभुवन, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ही गावे. मिहानसाठी जमिनी गेल्या त्या येथील. मोबदला, भूखंड व पुनर्वसन यांच्या मागण्यांसाठी येथील शेतकरी वर्षानुवर्षे कार्यालयांच्या पायऱ्या झिजवीत आले आहेत. निविदेच्या वादात एका मोठ्या कंपनीने देशातील नामांकित वकील उभे करून तीन फेऱ्या जिंकल्या, तरी तिला साडेपाच वर्षे लागली. मग चार एकरांच्या मालकाला किती लागतील, हा हिशेब कोणत्याही निकालपत्रात नसतो. पत्र पाठवून शब्द फिरविता येत नाही, असे न्यायालय सरकारला सांगते तेव्हा तो नियम मोठ्या बोलीदारापुरता नसतो. गावसभेत दिलेल्या लेखी आश्वासनालाही तो लागू व्हावा, असे आम्हाला वाटते. पण तेथे स्वीकारपत्रासारखा पक्का कागद बहुधा हाती नसतो.

आपल्या धर्मग्रामांतही रस्ता, रेल्वे, जलवाहिनी वा बंदरासाठी भूसंपादनाच्या नोटिसा येतात. १८९४ चा जुना कायदा २०१३ अखेरपर्यंत लागू होता. १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. जुन्या कायद्याच्या कलम १८ खाली आणि नव्या कायद्याच्या कलम ६४ खाली, मोबदला अमान्य असल्यास प्रकरण पुढील निर्णयासाठी पाठविण्याचा लेखी अर्ज करता येतो. निवाडा जाहीर होताना जमीनमालक हजर असेल, तर त्यासाठी दोन्ही कायद्यांत मुदत सहा आठवड्यांची आहे. एरव्ही ती जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी आधी संपेल ती. राष्ट्रीय महामार्ग व रेल्वे यांसाठी त्यांच्या स्वतंत्र कायद्यांखाली संपादन होते आणि तेथे मोबदल्याचा वाद लवादाकडे जातो. त्यामुळे नोटिशीवर कोणत्या कायद्याचे नाव आहे, हे आधी पाहावे. मोबदल्याची रक्कम घेताना पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारली’ असे लिहावे, आणि नोटीस, पंचनामा व निवाडा यांच्या प्रती तारखेसह जपून ठेवाव्यात.